चुनखडीच्या गुहेत शिरताना या चुका टाळा

बेळगाव-खानापूरकडच्या आपल्या पोरांना दगडाची भीती नाही. राजहंसगडावर शाळेत असल्यापासून जातो, पावसात भीमगडाच्या जंगलातून वाट काढतो. पण आपल्या सवयीचा दगड म्हणजे काळा कातळ आणि जांभा. चुनखडीची गुहा हे वेगळंच प्रकरण आहे, आणि गडावरचा सराव तिथे उलट घात करतो. गडावर चढलेली वाट उतरताना डोळ्यांसमोर असते. गुहेतली वाट पाण्याने पोखरलेली असते, ती माणसाच्या सोयीने वळत नाही.

आपल्याकडून निघणारे बहुतेक जण दांडेलीजवळच्या कवळा गुहेत जातात. जंगलातून पायऱ्या, मग अरुंद तोंड, मग सरपटत आत. आत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने घडलेलं शिवलिंग आहे. महाशिवरात्रीला भाविकांची रीघ लागते. रेलिंग, दिवे, तिकीटखिडकी असलं काही आत नाही, आणि मला वाटतं तेच बरं आहे. मात्र त्यामुळे काळजी आपली आपणच घ्यायला हवी.

परवानगी न विचारता निघणं

हा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली तो झाला. ‘मागच्या वर्षी मित्र जाऊन आला’ ही परवानगी नव्हे. निघण्याच्या आदल्या दिवशी वनखात्याकडे विचारा, आणि जोयडा भागातला माहीतगार माणूस सोबत घ्या. आम्ही नेहमी एका कुणबी मामांना घेऊन जातो. ते तोंडाशी आल्यावर आधी वर बघतात. कपारीला आग्या मोहोळ असेल तर मागे फिरतात, वाद घालत नाहीत. तुम्हीही घालू नका. तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको.

पाऊस फक्त डोक्यावर आहे का बघणं

चुनखडीची गुहा पाण्यानेच केलेली असते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवत फटी रुंद करतं. म्हणजे तुम्ही ज्यातून सरपटताय ती मुळात पाण्याची वाट. तोंडापाशी ऊन पडलेलं असलं तरी वरच्या डोंगरात कोसळलेला पाऊस आत उतरू शकतो. २३ जून २०१८ रोजी थायलंडच्या थाम लुआंग या चुनखडीच्याच गुहेत फुटबॉल खेळणारी १२ मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले, ते असेच. शेवटच्यांना बाहेर काढेपर्यंत १० जुलै उजाडला. तिथे पाणी उपसण्याच्या कामात किर्लोस्करांचे तज्ज्ञही होते. त्या उद्योगाचं मूळ बेळगावातलं, लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या १८८८ सालच्या सायकलच्या दुकानातलं. मला तो दुवा फार जवळचा वाटतो.

तेव्हा जून ते ऑक्टोबर आत जाऊच नका. वळवाच्या दिवसांत आभाळ भरलं तर तोंडापासून परत या. आत असताना ठिबक वाढली, पाणी गढूळ झालं, कुठून तरी वाहण्याचा आवाज यायला लागला, तर पुढे काय आहे ते बघत बसू नका. त्याच क्षणी वळा.

मोबाईलच्या टॉर्चवर भरवसा

मोबाईल हातात धरला की सरपटायला एकच हात उरतो. तो पडला की उजेडही गेला आणि फोनही. डोक्याला बांधायची बॅटरी हवी, आणि माणशी उजेडाची तीन साधनं, सेल वेगळे. आत फोनला रेंज नसते. म्हणून बाहेर कुणाला तरी सांगून जा: ‘संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर वनखात्याला कळव.’ घरच्यांना नुसतं ‘दांडेलीला जातोय’ सांगणं पुरत नाही.

सगळ्यांचे दिवे गेलेच तर चालू नका. बसा, एकमेकांना हात लावा, आवाज देत राहा. वाट चुकल्यावरही तेच. काळोखात ‘इथूनच आलो होतो’ असं वाटून चार पावलं टाकणं सगळ्यात महागात पडतं. त्यासाठी आत जाताना प्रत्येक वळणावर मागे वळून बघायची सवय लावा. परतताना तीच जागा उलट्या बाजूने दिसते आणि ओळखू येत नाही. भिंतीवर खडूने बाण मात्र काढू नका.

पाठीवर सॅक घेऊन सरपटणं

हे मी जवळून पाहिलंय, म्हणून थोडं सविस्तर. आमच्यातला एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा अरुंद जागेत पुढे सरकताना थांबला. सॅक छताला घासत होती. ती त्याने कशीबशी काढली, पण तोपर्यंत शर्ट वर गोळा होऊन छातीखाली त्याची गुंडाळी झाली होती आणि पट्ट्याचं बक्कल दगडाच्या कंगोऱ्यात अडकलं होतं. त्याने जोर लावला. जोर लावला की माणूस श्वास भरून घेतो, छाती फुगते आणि तो आणखी घट्ट बसतो. पोरगं रडवेलं झालं. मामा मागे होते. त्यांनी त्याच्या घोट्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “हलू नको, बाळा. श्वास सोड. सगळा सोड.” त्याने तीन-चारदा श्वास सोडला. प्रत्येक वेळी मामांनी पाय धरून त्याला बोटभर मागे ओढलं. दहा मिनिटं गेली असतील. बाहेर आल्यावर त्याच्या पोटावर बक्कलचा लालभडक ठसा होता.

तेव्हापासून आमचा नियम: पट्टा बाहेर काढून ठेवायचा, शर्ट पँटमध्ये खोचायचा, सॅक पुढे ढकलायची किंवा पायाला दोरीने बांधून ओढायची. उताराच्या अरुंद जागेत आधी पाय, मग डोकं. डोक्याला हेल्मेट. आणि ज्याला बंद जागेची भीती वाटते त्याला ‘अरे चल रे, काही होत नाही’ म्हणून ढकलायचं नाही. तो बाहेर थांबेल, वेळेकडे लक्ष ठेवेल. तेही कामच आहे.

मेणबत्ती आणि कापूर

‘मेणबत्ती जळतेय म्हणजे हवा चांगली’ हे खरं नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खोलगट जागेत साचतो, आणि तो माणसाला बाधण्याइतका झाला तरी ज्योत तेवत राहू शकते. डोकं जड होणं, काही न करता धाप लागणं, गरगरणं ही खरी खूण. एकाला जरी असं झालं तरी सगळ्यांनी बाहेर यायचं. कोंदट जागेत दहा जणांनी कापूर-उदबत्ती लावली तर धुराने जीव घुसमटतो आणि दगडावर काजळी बसते. पूजा बाहेर करा, आत हात जोडा.

ठिबकून घडलेल्या त्या दगडाला हातही लावू नका. ठिबकणाऱ्या थेंबातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुन्याचा अतिसूक्ष्म थर मागे राहतो. बोटभर उंचीला हजारो वर्षं लागू शकतात. बोटांचं तेल लागलं की त्या जागी नवा थर नीट धरत नाही. आठवण म्हणून मोडलेला तुकडा घरी आला की निस्तेज खडाच असतो.

वाघळांना उठवणं

खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत राहणारं एक दुर्मीळ वटवाघूळ कित्येक दशकं जगात फक्त तिथेच माहीत होतं. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. तिथे हौसेने जाऊच नका. इतर गुहांतही वाघळं उडाली तर दिवा खाली करा, वाका, गप्प राहा. ती वाट काढून जातात. शिट्या आणि फ्लॅशमुळे बिथरलेल्या मादीचं पिल्लू खाली पडलं तर ते बहुधा वाचत नाही.

त्यांच्या सुक्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असू शकते. धुरळा उडवू नका, चांगला मास्क लावा. वाटेवरच्या झाडीत गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे होणारा माकडताप उत्तर कन्नड जिल्ह्यात नवा नाही. हिवाळा-उन्हाळा हाच त्याचा काळ, म्हणजे आपण जातो तेव्हाच. पूर्ण बाह्या घाला, पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, गुडघ्यामागची जागा, केस तपासा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी किंवा खोकला आला तर दुकानातून गोळी आणून गप्प बसू नका. डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ‘अमुक तारखेला जंगलात आणि गुहेत गेलो होतो.’ ती तारीख फोनमध्ये लिहून ठेवा.