गावातल्या कर्तबगार बायकांचा सन्मान कसा करावा: शाल नंतर, आधी नोंद

महिला दिनाच्या एका कार्यक्रमात आमच्या ओळखीच्या एका सुईणमावशींना मंचावर बोलावलं. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी आसपासच्या वस्त्यांवर बाळंतपणं केली होती. पुकारा झाला तो त्यांच्या मुलाच्या नावाने, 'अमक्यांच्या मातोश्री' म्हणून. शाल, नारळ, फोटो, टाळ्या, की लगेच पुढचं नाव. परत येताना मी विचारलं, "मावशी, कसं वाटलं?" म्हणाल्या, "बरं वाटलं गं. पण माझं नाव कुणी घेतलंच न्हाई."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. त्यांनी काय केलं, कुठे केलं, कोणत्या अडचणीत केलं, हे त्या दिवशी मंचावरून कोणी बोललं नव्हतं आणि कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं. त्यानंतर आम्ही कामाचा क्रम बदलला. आधी शोधायचं, मग ऐकायचं, मग लिहायचं, आणि सगळ्यात शेवटी शाल आणायला जायचं. गाव असो, शहरातली वस्ती असो की एखाद्या समाजाचं मंडळ, हा क्रम सगळीकडे चालतो. हाताशी किमान दोन महिने ठेवा. आठ दिवसांत हा कार्यक्रम उरकता येतो, पण मग हाती फक्त फोटो राहतात.

तारीख ठरवताना बायका गावात आहेत का ते पाहा

८ मार्च ही तारीख आपण डोळे मिटून धरतो. बीडसारख्या जिल्ह्यात त्या दिवशी कितीतरी बायका गावात नसतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, साधारण पाडव्याच्या आगेमागे परततात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर असते. ज्या बाईचं काम हिशेबातसुद्धा वेगळं दिसत नाही, तिला सन्मानाच्या दिवशीही वगळायचं का? अशा गावांनी ३१ मे धरावी. १७२५ साली याच दिवशी जामखेड तालुक्यातल्या चौंडीला अहिल्यादेवींचा जन्म झाला. त्या सुमारास टोळ्या परतलेल्या असतात आणि पेरणीची घाई सुरू व्हायची असते. कोकणात मे महिन्यात चाकरमानी घरी असतात, तोही फायदा. सावित्रीबाईंची जयंती, ३ जानेवारी, ही शाळेच्या अंगणात कार्यक्रम घ्यायला उत्तम.

वेळेचंही तसंच. दुपारी कार्यक्रम ठेवला तर मजुरीला जाणारीचा रोज बुडतो आणि संध्याकाळी उशिरा ठेवला तर चूल अडते. बऱ्याच गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. तुमच्या गावात तसं असेल तर तोच दिवस निवडा.

शोध: कोणाचं दार वाजवता?

'कर्तबगार महिलांची नावं सुचवा' असं पत्रक लावलंत तर ठरलेली पाच-सहा नावं येतील: सरपंचबाई, मुख्याध्यापिका, डॉक्टरीणबाई, एखाद्या पुढाऱ्याच्या सूनबाई. त्यांचंही काम असेल, नाही असं नाही. पण त्यांची नावं काढायला शोध घ्यावा लागत नाही.

त्यापेक्षा घरोघरी, पाणवठ्यावर, गिरणीत, रेशनच्या रांगेत हे तीन प्रश्न विचारा. रात्री-अपरात्री घरात काही झालं तर कोणाचं दार वाजवता? हे काम तुम्ही कोणाकडून शिकलात? आणि कोण नसेल तर गावाचं अडेल? पहिल्या प्रश्नाला आशाताईंचं नाव येतं, कधी स्वतःची जीप चालवणाऱ्या वहिनींचं. दुसऱ्यात वाकळ शिवणारी आजी निघते, बियाणं राखून ठेवणारी काकू निघते, गोंधळ-भारुडं तोंडपाठ असलेली बाई निघते. तिसऱ्या प्रश्नावर लोक जरा थांबतात, आणि मग शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं नाव घेतात.

नावं वस्तीवार लिहा. गावठाण, मळ्यांवरची घरं, बौद्धवाडा, तांडा, पाडा, मुस्लिम मोहल्ला, प्रत्येकाला वेगळं पान द्या. एखादं पान कोरं राहिलं तर तिथे बाई नाही असा अर्थ होत नाही. आपण तिथे गेलो नाही असा होतो. परत जा. बचत गटांच्या ग्रामसंघाकडे, अंगणवाडीत, आणि गावातल्या जुन्या शिक्षकांकडेही चौकशी करा. पुरुषांनाही विचारा. गाडी बिघडली तेव्हा पंक्चर काढून देणारी, बैल आजारी पडल्यावर औषध सांगणारी बाई त्यांना माहीत असते.

डोळ्यासमोर एक नाव ठेवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. घरात गावरान बियाणं जपत राहिल्या, ग्रामीण विकासाचं काम करणाऱ्या बायफ संस्थेची साथ मिळाली, बियाणं बँक उभी राहिली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मडक्यांत, राखेत बी जपणाऱ्या बायका कितीतरी गावांत होत्या आणि आहेत. त्यांच्या कामाकडे काम म्हणून पाहणारं कोणी भेटलं की नाही, एवढाच फरक.

ऐकणं

बाईंसमोर बसून 'तुमच्या कार्याविषयी सांगा' असं म्हणू नका. उत्तर ठरलेलं आहे: "मी काय केलं? घरचंच तर केलं." त्या विनयाने बोलत नाहीत. त्यांच्या कामाला आजवर कोणी कार्य म्हटलेलंच नसतं. म्हणून दिवसाबद्दल विचारा. पहाटे किती वाजता उठायचात? पहिल्यांदा हे काम केलंत तेव्हा बरोबर कोण होतं? भीती कशाची वाटली? घरात कोण नाही म्हणालं? कधी सोडून द्यावंसं वाटलं का?

साल आठवत नाही म्हणून गाडी अडते. तेव्हा काळ मोठ्या घटनांना बांधा. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होतात? खडीच्या कामावर जात होतात का? लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३, हा आठवणींचा मोठा खांब आहे. सांगली-कोल्हापूरला २०१९ चा पूर. 'थोरली पोटात होती तेव्हा' हेही चालतं, थोरलीचा दाखला काढला की साल सापडतं.

फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आधी परवानगी घ्या आणि फोन त्यांना दिसेल असा ठेवा. घरातली पुरुष मंडळी त्यांच्या वतीने उत्तरं देऊ लागली तर अंगणात, शेतात, त्यांच्या कामाच्या जागी चला म्हणा. हात कामात असले की बोलणं मोकळं होतं. आणि हे एका बैठकीत होत नाही. दुसऱ्यांदा गेलात की खऱ्या गोष्टी निघतात.

काय लिहायचं, काय नाही

ऐकलेलं ताडून पाहा. बचत गटाचं रजिस्टर, शाळेचं जनरल रजिस्टर, त्यांच्याबरोबर काम केलेल्या दोन बायका, एवढं पुरतं. आकडा माहीत नसेल तर 'शेकडो', 'हजारो' लिहू नका. 'तीस वर्षं' हे खात्रीने सांगता येत असेल तर तेवढंच लिहा. ते पुष्कळ आहे.

एका बाबतीत फार जपून राहा. एखाद्या ताईंनी बालविवाह थांबवला असेल, मार खाणाऱ्या सुनेला घरात आसरा दिला असेल, तर त्या मुलीचं, सुनेचं, त्या घराचं नाव मानपत्रात, भाषणात, फोटोखाली कुठेही येता कामा नये. गाव लहान असतं. 'अमुक वाडीतली दहावीतली मुलगी' एवढ्यावरूनही ओळख पटते. आणि ताईंना विचारा की हे काम चारचौघांत सांगितलं तर त्यांना काही त्रास होईल का. होईल म्हणाल्या तर ती ओळ गाळा.

मानपत्र

माझ्या मते सगळ्या सन्मानात टिकणारी वस्तू हीच. शाल कपाटात जाते, नारळ दुसऱ्या दिवशी भाजीत पडतो, मानपत्र मात्र भिंतीवर राहतं आणि नातवंडं वाचतात.

सुरुवात नावापासून. बाईंना विचारा, 'तुमचं नाव कसं लिहू?' काहींना नवऱ्याचं नाव हवं असतं, काहींना आईचं, काहींना माहेरचं आडनाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायचा नियम राज्याने केला. मग साठीतल्या मावशींना स्वतःच्या नावाबद्दल विचारायला काय हरकत आहे? 'सौ.', 'गं. भा.', 'कु.' ही बिरुदं सगळ्यांच्याच नावांपुढून काढा. बाई लग्नाची आहे की विधवा, याचा तिच्या कामाशी संबंध नाही. हवंच तर सरसकट 'श्रीमती' लिहा.

मजकूर सहा-सात ओळींचा, आणि प्रत्येक ओळीत दिसेल असं काहीतरी असावं. 'आपल्या कार्यकर्तृत्वाचा सुगंध सर्वदूर दरवळत असून समाजकार्यातील आपले योगदान अनमोल आहे' हे वाक्य कोणाच्याही नावाखाली खपतं, म्हणून ते कोणाचंच नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल:

'वस्तीवर रस्ता नव्हता तेव्हा आपण ओढा ओलांडून, हातात कंदील घेऊन बाळंतिणीकडे जात होता. पावसाळ्यात पाणी चढलं की रात्र तिथेच काढत होता. बाळंतपण अवघड वाटलं तर हट्टाने बैलगाडी जुंपायला लावून दवाखान्यात नेत होता. या कामाचे आपण पैसे मागितले नाहीत. वस्तीवरच्या आम्हां अनेकांना पहिला हात आपला लागला आहे.'

हे मोठ्याने वाचल्यावर मंडपात कोणाविषयी चाललंय ते नाव न घेताही कळलं, तर मानपत्र जमलं. छापायच्या आधी बाईंना वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर दोनदा, सावकाश. "असं नव्हतं, बैलगाडी नंतर आली" असं त्या म्हणतील, दुरुस्त करा.

निवड

पाच-सात जणांची समिती पुरे, निम्म्याहून जास्त बायका आणि वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या. समितीतल्या कोणाच्या घरचं नाव असेल तर त्या वेळी त्या व्यक्तीने उठून जावं. शक्य असेल तर यादी महिला सभेत मांडा. ग्रामसभेच्या आधी ती घ्यायचीच असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच होते; या निमित्ताने खरी भरेल. राज्य सरकारने २०२३ मध्ये ग्रामपंचायत पातळीवर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कार सुरू केला, त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीतून दोन महिला निवडायच्या असतात. तुमची वस्तीवार यादी तयार असेल तर ग्रामसेवकांना नेऊन द्या. नावं मागाहून घाईत ठरण्यापेक्षा ते बरं.

प्रत्यक्ष दिवस

बाईंना खुर्चीवर, मध्यभागी बसवा. पाहुण्यांची ओळख दोन वाक्यांत. मानपत्र पूर्ण वाचा, घाई नको. सूत्रसंचालकाला नावांचे उच्चार आदल्या दिवशी पाठ करायला सांगा. सन्मान कोणाच्या हातून घ्यायचा तेही बाईंनाच विचारा. एका आजींनी आमदारांऐवजी आपल्या जावेचं नाव सांगितलं होतं. चाळीस वर्षं त्या बाहेर पडल्या तेव्हा घर जावेने सांभाळलं होतं, ते आम्हाला त्या क्षणी कळलं.

ज्यांचा सन्मान त्यांनाच रांगोळी, चहा आणि जेवणाच्या कामाला लावू नका. त्या दिवशी पोह्यांचं पातेलं पुरुषांनी आणि पोरांनी सांभाळावं. लांबच्या वस्तीवरून येणाऱ्यांसाठी गाडी पाठवा.

हळदी-कुंकू आणि ओटी या कार्यक्रमात आणूच नका, कारण ते सगळ्यांना सारखं दिलं जात नाही. ज्या विधवा बाईने एकटीने शेत कसलं, पोरं शिकवली, तिच्यासमोरून करंडा पुढे निघून जातो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मग राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावात असा ठराव झाला नसेल तरी मंडपाच्या दारात सगळ्यांना एकसारखं फूल देणं तुमच्या हातात आहे.

आणि बाईंना बोलू द्या. पाच मिनिटं राखून ठेवा. माइकची सवय नसते, म्हणून शेजारी एखाद्या ओळखीच्या मुलीने बसून प्रश्न विचारावेत; भाषणापेक्षा गप्पा सोप्या जातात.

नंतरचं काम

एक जाड, बांधीव वही घ्या. प्रत्येक बाईला चार पानं: नाव, वस्ती, काम, मानपत्राचा मजकूर, त्यांच्याच शब्दांतल्या आठवणी, एक फोटो, माहिती कोणी, कधी घेतली ते. वही गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवा, झेरॉक्स प्रत ग्रामपंचायतीत आणि तिच्या पानांची प्रत तिच्या घरी. आवाजाच्या फाइली निदान दोन ठिकाणी ठेवा, फोन हरवतात.

काही कामं गावाबाहेर जायला हवी इतकी मोठी असतात. पद्म पुरस्कारांसाठी कोणीही नागरिक ऑनलाइन नामांकन करू शकतो, त्यासाठी ८०० शब्दांपर्यंतचा वृत्तान्त लागतो. मुदत दर वर्षी पाहून घ्या. तो वृत्तान्त वहीतून अर्ध्या दिवसात तयार होतो. वही नसेल तर ऐन वेळी कोणालाच साल आठवत नाही.

ज्या बाया या वर्षी निवडल्या गेल्या नाहीत त्यांची पानंही त्याच वहीत लावा. आमच्या सुईणमावशींचं पान असंच कार्यक्रमानंतर लिहिलं गेलं. वर त्यांनी सांगितलं तसं, त्यांचं स्वतःचं नाव आणि त्यांच्या आईचं नाव लिहिलं आहे, कारण हे काम त्या आईकडून शिकल्या होत्या.