जठराच्या कॅन्सरच्या रिपोर्टमधलं 'एमएलएच१ लॉस' कसं वाचायचं

रिपोर्टमधे आधी 'आयएचसी' (रंग देऊन पेशीतली प्रोटीन बघायची टेस्ट) किंवा 'एमएमआर' (डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी प्रोटीन) लिहिलेला भाग शोधा. तिथे चार प्रोटीनची नावं असतात, एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. समोर 'इन्टॅक्ट' असेल तर प्रोटीन शाबूत, 'लॉस' असेल तर ट्यूमरच्या पेशींमधे ते दिसत नाहीये. हा भागच नसेल तर डॉक्टरांना विचारा टेस्ट केली का, जुन्या बायोप्सीच्या ब्लॉकवर (जपून ठेवलेल्या तुकड्यावर) बहुतेक वेळा नंतरही करता येते.

एमएलएच१ आणि पीएमएस२ बहुतेकदा जोडीनं जातात, कारण एमएलएच१ नसेल तर पीएमएस२ टिकतच नाही. त्यामुळे दोन लॉस बघून दुप्पट घाबरू नका.

आता हे का बघायचं? तर ही चौघं डीएनएची कॉपी काढताना झालेल्या चुका दुरुस्त करतात, आणि ती बंद पडली की जिथे एकच अक्षर सलग येतं तिथे जास्त गडबड होते, जपमाळ ओढताना सारख्या मण्यांची मोजणी चुकते तशी. नेमकं बॅक्स नावाच्या, बिघडलेली पेशी मारणाऱ्या प्रोटीनच्या जीनमधे 'जी' हे अक्षर सलग ८ वेळा आहे! त्यातलं एक गळलं किंवा वाढलं की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि धड प्रोटीन बनतच नाही.

बॅक्सचं कामच पेशी मारायचं. कोर्समेयर या शास्त्रज्ञाच्या लॅबनं १९९३ मधे ते जगासमोर आणलं. डीएनए फार बिघडला की बॅक्स मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागाच्या) आवरणाला भोकं पाडतं, आतलं सायटोक्रोम सी हे प्रोटीन बाहेर येतं, पेशी तोडणारे कॅस्पेज एन्झाइम चालू होतात आणि पेशी संपते. बॅक्स गेलं की मरायला हवी होती ती पेशी तगून राहू शकते आणि अजून चुका गोळा करते. पण सगळं खापर बॅक्सवर नको, बॅक नावाचं त्याचं भावंड बरंचसं तेच काम करतं, शिवाय टीजीएफबीआर२ सारखे दुसरे जीनही अशाच मोजणीच्या घसरणीत मोडतात. आणि हा प्रकार सगळ्या पेशंटमधे नसतो, २०१४ च्या टीसीजीए या कॅन्सरच्या जीन्सच्या मोठ्या अभ्यासात जठराचे साधारण २२ टक्के ट्यूमर दुरुस्ती बिघडलेल्या या गटातले निघाले. रिपोर्टमधे बॅक्स शोधत बसू नका, रूटीनमधे ते तपासत नाहीत.

मुलांना होईल का, हा प्रश्न येतोच. जठरात एमएलएच१ बहुतेकदा मेथिलेशनमुळे (जीनवर रासायनिक खूण बसून) बंद पडतो, ते सहसा आनुवंशिक नसतं. पण एमएसएच२ किंवा एमएसएच६ चा लॉस असेल, पेशंट तरुण असेल किंवा घरात मोठ्या आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर लिंच सिंड्रोमसाठी (हा दुरुस्तीचा दोष घराण्यात उतरतो तो आजार) जेनेटिक काउन्सेलरकडे जाच.

एक चांगली बाजू पण आहे. याच घसरणीतून विचित्र प्रोटीनचे तुकडे तयार होतात, ते आपल्या टी सेल्सना (प्रतिकारशक्तीच्या पेशींना) परके वाटतात, म्हणून या गटात इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) जास्त चालते. महाग आहे, म्हणून किमतीचं आधीच विचारून घ्या. आणि ऑपरेशन होणार असेल तर 'या रिपोर्टवर नेहमीच्या किमोचा फायदा किती' हेही स्पष्ट विचारा, कारण या गटात तो कमी असू शकतो.