बँड जागेला असतो
माझे वडील साताऱ्यात जिल्हा परिषदेत होते. सेवाज्येष्ठता यादीत नाव वर सरकलं की बढती, हे घरात ऐकतच मोठी झाले. इंग्लंडात एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, पोडियाट्रिस्ट (पायांच्या आजारांवर उपचार करणारी) म्हणून लागले तेव्हा त्याच भरवशावर चार वर्षं बँड ५मध्ये, म्हणजे सुरुवातीच्या वेतनश्रेणीत, बसून राहिले. महागात पडलं.

इथे बँड ठरतो तो जागेचा. बँड ६ची जागा निघाली की नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, मग ती शेजारच्या खोलीतली का असेना.

इंग्लंडातले २०२५-२६चे वार्षिक आकडे बघा. बँड ५ची सुरुवात ३१,०४९ पौंड, दोन वर्षांनी ३३,४८७, चार वर्षांनी ३७,७९६, आणि तिथेच गाडी थांबते. बँड ६ सुरूच होतो ३८,६८२ला आणि पाच वर्षांनी ४६,५८०वर पोचतो. म्हणजे दोन वर्षांनी उडी मारली तर ५,१९५ पौंड लगेच, शिवाय पुढची पाच वर्षं तेव्हापासून मोजायला लागतात.

बँडमधली पायरीही आपसूक मिळत नाही. अप्रेझल, म्हणजे कामाचं मूल्यमापन, झालेलं लागतं, सक्तीची ट्रेनिंगं पूर्ण लागतात. अग्निसुरक्षेच्या ट्रेनिंगची तारीख उलटू देऊ नका.

पहिल्या दिवसापासून वही ठेवा: नखांच्या किती शस्त्रक्रिया केल्या, भूल स्वतः दिली का, मधुमेही पायाच्या कुठल्या जखमा हाताळल्या. अर्जात जाहिरातीतल्या एकेका अटीसमोर वहीतलाच एकेक अनुभव मांडायचा. मुलाखतीत मला विचारलं होतं, मधुमेही रुग्ण, पाय गरम, लाल, सुजलेला, जखम मात्र नाही; काय कराल? मी अँटिबायोटिक म्हणाले आणि जागा गेली. आधी शार्कोची, म्हणजे मधुमेहात पायाची हाडं-सांधे खचवणाऱ्या आजाराची, शंका घ्यायची, पायावरचा भार काढायचा आणि एका कामाच्या दिवसात मल्टिडिसिप्लिनरी फूट टीमकडे (पायांसाठीच्या वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या पथकाकडे) पाठवायचं. दुसऱ्या वेळी हे झोपेतही सांगितलं असतं.

बँड ७साठी नवशिक्यांना शिकवल्याचा अनुभव आणि पदव्युत्तर शिक्षण कामी येतं. औषधं स्वतंत्रपणे लिहून देण्याचा, पोडियाट्रिस्टना २०१३पासून मिळू लागलेला, अधिकार असेल तर उत्तमच.

ट्रस्ट (रुग्णालयं चालवणारी एनएचएसची संस्था) बदलताना जुन्या सेवेचं पत्र मागून घ्या. रजा २७ दिवस असते, पाच वर्षांनी २९, दहा वर्षांनी ३३. नव्या ठिकाणी मला २७च लावल्या होत्या. पत्र दाखवल्यावर २९ झाल्या.