अर्धवेळ कामाची जाहिरात: आधी तास ठरवा, मग मोबदला

अर्धवेळ माणूस नेमायचे ठरले की बहुतेक जण पहिला विचार पगाराचा करतात. महिन्याला अमुक एक रक्कम देणे परवडेल, तेव्हा त्या रकमेत बसेल तेवढे काम करून घ्यावे, अशी ती रीत असते. हा क्रम उलटा आहे. एखाद्या रकमेमागे नेमके किती तास आहेत हे सांगता येत नसेल, तर ती कमी की जास्त हे ना देणाऱ्याला कळते, ना घेणाऱ्याला. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुरबुर सुरू होते.

म्हणून सुरुवात कामांच्या यादीपासून करावी. त्या माणसाने आठवडाभरात जे जे करायचे आहे ते लिहून काढावे आणि प्रत्येक कामापुढे त्याला लागणारा वेळ मांडावा. तो वेळ अंदाजाने लिहिण्यापेक्षा सध्या ते काम करणाऱ्याला विचारून किंवा स्वतः एक आठवडा नोंद ठेवून लिहिलेला बरा. या यादीतून नेहमी निसटतात त्या आगेमागेच्या गोष्टी: येऊन तयारी करणे, आधीच्या पाळीतल्या माणसाकडून काम समजून घेणे, शेवटी आवराआवर करणे, निरोपांना उत्तरे देणे. हा सगळा वेळ कामाचाच असल्यामुळे त्याचा मोबदला देणे आलेच. बेरीज केल्यावर, समजा, मनात धरलेल्या अठरा तासांच्या जागी तीस-पस्तीस तास निघाले, तर एकतर कामे कमी करावीत किंवा दोन माणसे घ्यावीत. पूर्ण दिवसाचे काम अर्धवेळ नावाखाली खपवण्याचा मोह मात्र टाळावा.

आठवड्याचे तास ठरले तरी निम्मेच काम झाले, कारण ते तास कसे विभागले आहेत यावर नोकरीचे स्वरूप बदलते. समजा आठवड्याला १८ तासांचे काम आहे आणि उमेदवाराला जाण्या-येण्यात रोज मिळून एक तास लागतो. सहा दिवस तीन-तीन तास काम ठेवले, तर त्याचे २४ तास खर्ची पडतात. तीन दिवस सहा-सहा तास ठेवले, तर २१. ताशी दर तोच असला तरी पहिल्या मांडणीत त्याच्या वेळेचे मोल एक-अष्टमांशाने घटते, शिवाय प्रवासखर्च दुप्पट होतो. कामाला खरोखरच रोज माणूस हवा असेल, तर मांडणी पहिलीच ठेवावी लागेल, पण मग दर थोडा वाढवून ही तूट भरून द्यावी. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास अशी तुटक पाळी तर त्याहून महाग पडते, कारण मधला वेळ कागदावर मोकळा असला तरी त्यात दुसरी नोकरी धरता येत नाही.

जाहिरातीत ‘वेळ लवचिक’ असे लिहिण्याची फार सवय झाली आहे. ती लवचिकता कोणाच्या सोयीची, हे त्यातून कळत नाही. कामाची वेळ उमेदवाराने निवडायची असेल तर तसे लिहावे. मालकाच्या गरजेप्रमाणे ती बदलणार असेल, तर कोणते दिवस पक्के आहेत, आठवड्याला किमान किती तासांची हमी आहे आणि बदल किती दिवस आधी कळवला जाईल, हे तिन्ही सांगावे. दुसरी नोकरी, शिक्षण किंवा घरातली जबाबदारी सांभाळून येणाऱ्या माणसाला ही माहिती पगाराच्या आकड्याइतकीच महत्त्वाची असते.

आता दर. याचा आधार सरळ आहे: तेच किंवा तसेच काम करणाऱ्या पूर्णवेळ माणसाला तासाला जे पडते, ते अर्धवेळ माणसालाही पडावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९४ मध्ये स्वीकारलेल्या अर्धवेळ कामाविषयीच्या करारातही हेच तत्त्व आहे. केवळ अर्धवेळ आहे एवढ्याच कारणाने मूळ वेतनाचा दर कमी धरता येत नाही. पूर्णवेळ आठवडा ४० तासांचा असेल, तर १८ तासांचे काम त्याच्या ४५ टक्के होते आणि मासिक पगारही पूर्ण पगाराच्या ४५ टक्के येतो. तसा पूर्णवेळ माणूस आपल्याकडे नसेल, तर त्याच भागातल्या सारख्या कामाच्या जाहिराती पाहून दर काढावा. त्या ठिकाणच्या कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनाच्या खाली मात्र तो जाता कामा नये, आणि ते किमान वेतन तासावर, दिवसावर की महिन्यावर बांधलेले आहे हेही आधी तपासून घ्यावे.

ताशी दरावरून मासिक रक्कम काढताना एक चूक हमखास होते, ती म्हणजे महिना चार आठवड्यांचा धरणे. वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नव्हेत. १८ तासांना ५२ ने गुणून १२ ने भागले, तर महिन्याचे ७८ तास येतात. चार आठवडे धरले तर ७२. दरमहा सहा तासांचा हा फरक वर्षाअखेर ७२ तासांवर जातो, म्हणजे चार आठवड्यांचे काम विनामोबदला करून घेतल्यासारखे होते.

रजेचा हिशेबही दिवसांत न मांडता तासांत मांडावा. पूर्णवेळ माणसाला आठ तासांचे २० दिवस भरपगारी रजा असेल, तर ४५ टक्क्यांनी ७२ तास होतात. सहा तासांची पाळी करणाऱ्याला त्या १२ पाळ्या. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त थांबावे लागल्यास त्याचा दर काय, हेही एका ओळीत सांगून टाकावे.

‘आकर्षक वेतन’, ‘अनुभवानुसार’ असले शब्द आकडा लपवण्यापलीकडे काही करत नाहीत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून जाहिरातीत वेतन सांगणे बंधनकारक आहे; युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसारही उमेदवाराला सुरुवातीचे वेतन किंवा त्याच्या मर्यादा आधी कळायला हव्यात आणि पूर्वीचा पगार त्याला विचारता येत नाही. कायदा लागू असो वा नसो, आकडा लिहिल्याने न जमणारे अर्ज आपोआप गळतात. किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा द्यायच्या असतील, तर त्या जवळजवळ ठेवाव्यात आणि कमाल दर कशाच्या जोरावर मिळेल तेही लिहावे.

हे सारे मोजक्या छोट्या वाक्यांत मावते: ‘हिशेबनीस, अर्धवेळ. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी ९ ते दुपारी ३. आठवड्याला १८ तास, महिन्याला सरासरी ७८. ताशी दर अमुक, मासिक रक्कम अमुक, कपातीपूर्वी. वर्षाला ७२ तास भरपगारी रजा. वेळेतील बदल १४ दिवस आधी कळवला जाईल.’

पुरेसे अर्ज आले नाहीत, तर लगेच दर वाढवण्याआधी वेळेची मांडणी तपासावी. पाळी तासभर मागेपुढे केल्यानेही अर्ज येऊ लागतात. एवढे करूनही दर वाढवावाच लागला, तर त्याच कामावर आधीपासून असलेल्यांचा दरही त्याच दिवसापासून वाढवावा, कारण नवी जाहिरात त्यांच्याही नजरेस पडणारच असते.