महिंद्रा थार उचलताय, म्हणजे सस्पेन्शनची उंची वाढवताय? आधी वरचा कंट्रोल आर्म बघा

२०२० पासूनच्या थारला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन कंट्रोल आर्मनी धरलेलं असतं. गाडी दोन इंच उचलली की वरच्या आर्मचा बॉल जॉइंट (आर्मला चाकाकडच्या भागाशी जोडणारा फिरता सांधा) उभ्या गाडीतच तिरका होतो, चाक खड्ड्यात लोंबलं की अडतो. कॅस्टर, म्हणजे चाक सरळ ठेवणारा स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, तोही घटतो, हायवेवर स्टीअरिंग भरकटतं. म्हणून नवा वरचा आर्म घेताना त्याची जाडी आणि रंग नंतर. आधी विचारा, बॉल जॉइंटचा कोन तुमच्या लिफ्टप्रमाणे बदललाय का, आणि बॉल जॉइंट सुटा मिळतो का? बुश (आर्म गाडीला जिथे बसतो तिथले लवचिक तुकडे) शक्यतो रबराचेच घ्या. पॉलियुरेथेनचे चिखलपाण्यात कुरकुरतात, ग्रीस मागत राहतात. बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळून घ्या, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर लगेच अलाइनमेंट.