पंप सगळ्यात शेवटी उघडायचा

घाटाच्या पायथ्याशी गॅरेज असलं की निदान ड्रायव्हरच करून आणतो. पेट्या भरलेली पिकअप आंबा घाटात दुसऱ्या गिअरलाही ओढेना झाली, की तो ती वळवून खाली साखरप्याला आणतो आणि उतरता उतरताच सांगतो, "मेस्त्री, पंप गेला." पंप म्हणजे डिझेल दाबाने इंजिनात पाठवणारा इंजेक्शन पंप, आणि तो असा सहजासहजी जात नाही. पण एकदा खोलून पंपवाल्याकडे नेला, की बिल हजारांत होतं, आणि खरा दोष पाइपच्या जोडातल्या एखाद्या कॉपर वॉशरचा असेल तर तो पंप बसवल्यावरही तिथेच असतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. टाकीपासून सुरुवात, मग पाइप, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप), फिल्टर, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा), आणि पंप शेवटी.

हे सगळं कॉमन रेल येण्याआधीच्या डिझेल गाड्यांबद्दल आहे. चार पाइप पंपातून एका रांगेत निघत असतील तर इनलाइन पंप, गोलाकार निघत असतील तर रोटरी. चारही पाइप एका जाड आडव्या नळीतून निघत असतील आणि नोझलच्या डोक्यावर वायरचा सॉकेट असेल, तर ती कॉमन रेल. तिथे दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनवर तिचा एकही नट सैल करायचा नाही.

पाना उचलण्याआधी ड्रायव्हरला बोलतं करा. सकाळी सुरू व्हायला त्रास देते की गरम झाल्यावर? सपाटीला बरी आणि चढाला मरते? सेल्फ जोरात फिरतो का? बॅटरी उतरलेली असेल आणि इंजिन रेंगाळत फिरत असेल, तर डिझेल पेट घेणारच नाही, मग नोझल कितीही नवे असोत.

चढाला दम सोडणाऱ्या गाडीचं आधी टाकीचं झाकण उघडायचं. झाकणाचं हवेचं भोक धुळीने बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल येईनासं होतं. झाकण काढताना 'फुस्स' झालं तर दोष सापडला. नाही झालं, तर फिल्टर. सपाटीला लागतं तेवढं डिझेल चोंदलेला फिल्टरही सोडतो, लोड आला की कमी पडतं. पावसाळ्यात फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि बाटली स्थिर ठेवा. पाणी जड, ते तळाला बसतं. मधल्या रेषेवर काळा बुळबुळीत थर दिसला तर टाकी उतरवून धुवावी लागेल. बॅरलमधलं डिझेल भरणाऱ्यांच्या गाडीत हे हटकून सापडतं.

आता एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा. सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडते, रेस आपोआप वरखाली होते, मधूनच मिस मारते, ही एअर धरल्याची लक्षणं. लोक गळती शोधायला पाइपवरून बोट फिरवतात आणि कोरडं आहे म्हणून सोडून देतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप ओढीचा असतो. तिथल्या चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे चीर कोरडीच दिसणार. एक सोपी चाचणी म्हणजे रात्री गाडी उतारावर नाक खाली करून लावायची. पिकअपची टाकी मागे असते, ती वर राहते. तशी लावल्यावर सकाळी गाडी पटकन सुरू झाली आणि सपाटीला लावल्यावर त्रास देते, तर हवा टाकी आणि इंजिनाच्या मध्ये शिरते आहे.

नक्की करायचं तर कॅन लावा. पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घ्यायचं, कॅन फीड पंपापेक्षा उंच, पण गरम सायलेन्सरपासून लांब बांधायचा आणि पारदर्शक नळीने थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडायचा. रिटर्नचा, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारा पाइपही कॅनमध्येच सोडा, नाहीतर सगळं डिझेल टाकीत परत जाईल. मग हॅन्ड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा दट्ट्या) मारत आधी फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करायचा, फेस संपून सलग धार आली की प्रायमर मारता मारताच घट्ट करायचा. तसंच पंपावरच्या स्क्रूला. गाडी सुरू करून नळीकडे बघत बसा. गाडी ठणठणीत चालली तर दोष मागे, टाकी किंवा पाइपमध्ये. नळीत बुडबुडे नाहीत आणि तरी मिस मारते, तर पुढे चला. जोड खोलल्यावर जुने कॉपर वॉशर तापवून पुन्हा वापरतात, चालतंही, पण नवा वॉशर इतका स्वस्त आहे की मी तो उद्योग करत नाही.

नोझलची पाळी आता. इंजिन स्लोवर ठेवा, हातमोजे आणि चष्मा घाला, एका नोझलच्या पाइपचा नट पाव फेरा सैल करा. इंजिनाचा आवाज पडला, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. नट घट्ट करून पुढचा. ज्याला सैल केल्यावर काहीच फरक पडला नाही, तो सिलिंडर मेलेला. त्याचा नोझल शेजाऱ्याशी बदला, खाली नवा वॉशर घालून. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल खराब. तिथेच राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) बघा, आणि त्यातून काही निघालं नाही तरच पंपाकडे वळा. टकटक आवाज येत असेल तरी हीच चाचणी: नट सैल केल्यावर टकटक थांबली तर बहुधा नोझलची सुई अडकते आहे. तशीच राहिली तर खाली बेअरिंग-पिस्टनकडे कान लावा.

आणि कितीही घाई असली तरी नोझलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नका. या जुन्या गाड्यांतही नोझल साधारण दोनशे बारच्या आसपास उघडतो. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते. दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं, ऑपरेशनचं काम असतं ते. पाइपची गळती बघायला पुठ्ठा धरायचा.

धुराचं थोडक्यात. काळा धूर दिसला की लोक नोझल काढतात; मी एअर फिल्टर काढून झटकतो आणि टर्बोची नळी फाटली आहे का बघतो. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा आणि कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर म्हणजे डिझेल जळत नाही: टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे, नोझल गळका, नाहीतर कॉम्प्रेशन कमी. निळा धूर ऑइलचा, त्याचा इथे संबंध नाही. ऑइलची पट्टी मात्र प्रत्येक वेळी काढून हुंगा. लेव्हल वाढलेली आणि डिझेलचा वास असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. अशी गाडी चालवायची नाही.

पंपावर खरा संशय कधी घ्यायचा? रोटरी पंपाची एक खूण आहे. गार असताना झटकन सुरू होते, पण ढाब्यावर चहाला बंद केली की परत सुरूच होत नाही. गरम डिझेल पातळ होतं आणि पंपाच्या झिजलेल्या हेडमधून निसटतं. आधी चावी फिरवल्यावर स्टॉप सोलेनॉइडचा (पंपाचं डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या खटक्याचा) 'टक' ऐका. तो येत असेल तर इंजिन बंद ठेवून पंपावर ओला फडका टाका आणि थोडं थांबा. त्यानंतर सुरू झाली तर पंप झिजला आहे, मान्य.

मग पंप उतरवा, पण आधी पंपाचा फ्लॅंज (इंजिनाला टेकणारी कड) आणि इंजिन दोन्हींवर एक सरळ रेघ ओरखडून ठेवा, टायमिंग तिथूनच परत बसवायचं आहे. उघड्या पाइपांच्या तोंडांना स्वच्छ टोप्या घाला. पंपवाल्याकडे चारही नोझल बरोबर न्या आणि टेस्टरवर तुमच्यासमोर मारायला सांगा: फवारा बारीक आणि सगळीकडून सारखा हवा, आणि उघडण्याच्या दाबाच्या थोडं खाली धरून ठेवल्यावर टोकाला थेंब जमता कामा नये. पंपावरचा सीलबंद डिझेल स्क्रू (किती डिझेल जायचं ते ठरवणारा) 'पिकअप, म्हणजे गाडीची ओढ, वाढवून देतो' म्हणून कोणी फिरवायला निघालं, तर त्याचा हात धरून थांबवा.