रात्रीच्या आकाशाचा टाइमलॅप्स: नागपूरकरांनी कॅमेरा आणि बाकी साहित्य कसं निवडावं

टाइमलॅप्सचा (ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेल्या व्हिडिओचा) विचार डोक्यात आला की बहुतेक जण आधी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, शोधायला लागतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी जागा आणि महिना ठरवा, त्यावरून लेन्स ठरते. मग ट्रायपॉड आणि बॅटरीची सोय करा, आणि उरलेल्या पैशात बसेल ती बॉडी घ्या.

१. आकाशात काय टिपायचं ते ठरवा

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर दिसतो, आणि आकाशगंगेचा वृश्चिक-धनूकडचा दाट, तेजस्वी भाग दक्षिणेला फार तर ४० अंशांपर्यंत चढतो. हा भाग मार्चमध्ये पहाटे, तर मे महिन्यात रात्री दहा-अकरानंतर चांगला वर आलेला असतो. अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडा. पावसाळा लागल्यावर ढगांपुढे इलाज नसतो.

शहरातून हा पट्टा दिसणार नाही. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ही आपल्यासाठी मोठीच गोष्ट आहे. फक्त एक लक्षात घ्या: पेंचहून नागपूर दक्षिणेला येतं, म्हणजे आकाशगंगेच्या खालीच क्षितिजावर शहराचा उजेड येऊ शकतो. उमरेडच्या बाजूला गेलात तर नागपूर पाठीशी राहतं, पण तिथल्या कोळसा खाणींच्या दिव्यांपासून लांब जागा बघा. कुठेही गेलात तरी जंगलातल्या रस्त्यावर ट्रायपॉड लावू नका. वाघाचा मुलूख आहे. मुक्कामाच्या अंगणातून किंवा परवानगी घेतलेल्या जागेवरूनच काम करा.

२. लेन्सवर सर्वांत जास्त खर्च करा

आकाशगंगेचा पट्टा ४० अंशांच्या आसपासच राहत असल्यामुळे फुल फ्रेमवर (३६×२४ मिमीच्या मोठ्या सेन्सरवर) आडव्या चौकटीत २० मिमी लेन्स पुरते: खाली झाडं येतात, वर आकाश येतं. एपीएस-सी (त्याहून लहान) सेन्सर असेल तर १२ ते १४ मिमी बघा. अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं लेन्सचं छिद्र, एफ २.८ किंवा त्याहून मोठं हवं (छिद्र मोठं तसा आकडा लहान). कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सच्या एफ ३.५ वर त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच प्रकाश मिळतो. शिकायला तेवढा चालतो, पण आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवावा लागतो.

मॅन्युअल फोकसची लेन्स इथे बिनधास्त घ्या, अंधारात ऑटोफोकसचा भरवसा नसतोच. ज्या मॅन्युअल लेन्सचं अपर्चर कड्याने फिरवायचं असतं, तिचा आणखी एक फायदा आहे. कॅमेऱ्याने चालणाऱ्या अपर्चरची पाती प्रत्येक फोटोला बंद होऊन उघडतात आणि दर वेळी किंचित वेगळी थांबतात, त्यामुळे व्हिडिओ लुकलुकतो. कड्याच्या लेन्समध्ये पाती हलतच नाहीत. नेहमीची लेन्स असेल तर अपर्चर पूर्ण उघडं ठेवा, म्हणजे हा त्रास टळतो.

तारे रेघेसारखे न ओढता किती सेकंद एक्स्पोजर देता येईल? ५०० ला फोकल लेंग्थने (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याने) भागा. फुल फ्रेमवर २० मिमीला २५ सेकंद येतात. एपीएस-सीला आधी फोकल लेंग्थला दीडने गुणा (कॅननला १.६ ने).

३. ट्रायपॉड

जड घ्या. मधला दांडा वर न काढता वापरा आणि हुक असेल तर त्याला बॅग अडकवा.

४. इंटरव्हलोमीटर, कार्ड, वीज

ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हलोमीटर बऱ्याच कॅमेऱ्यांत आतच असतो. नसेल तर वायरचा स्वस्त रिमोट चालतो, मात्र सीताबर्डीच्या बाजारात घ्यायला जाताना कॅमेरा सोबत न्या आणि पिन बसते का ते तिथेच बघा.

आता हिशोब. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १० सेकंदांच्या व्हिडिओला २५० फोटो लागतात. २५ सेकंदांचं एक्स्पोजर आणि मध्ये ३ सेकंद, म्हणजे जवळजवळ दोन तास. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले रंगीत ठिपके, म्हणजे नॉइज, कमी करणारी सोय) बंदच ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकून राहतो. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल ३० एमबीची धरली तर साडेसात जीबी होतात, ६४ जीबीचं कार्ड भरपूर झालं. दोन तासांत एक बॅटरी संपू शकते. म्हणून डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसून बाहेरून वीज देणारी) आणि पॉवर बँक घ्या. हिवाळ्यात तलावाकाठी लेन्सवर दव बसतं, तेव्हा यूएसबीवर चालणारी गरम पट्टी त्याच पॉवर बँकेवर चालते.

५. शेवटी बॉडी

मॅन्युअल मोड, रॉ आणि आयएसओ ३२०० वर सहन होईल इतका नॉइज, एवढं पुरे. आपल्या उन्हाळ्याचा विचार मात्र करा: सेन्सर तापला की नॉइज वाढतो, आणि मे महिन्यात इथे रात्रीही गरम असतं. त्यामुळे कॅमेरा दिवसभर बंद गाडीत ठेवू नका आणि शूट चालू असताना स्क्रीन बंद ठेवा.

जुना डीएसएलआर घेत असाल तर शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती क्लिक झाले, ते विचारा. साध्या बॉडीचं शटर साधारण एक लाख क्लिकपर्यंत धरलेलं असतं, आणि एका रात्रीत पाचशे क्लिक सहज होतात. ७०–८० हजार झालेली बॉडी या कामासाठी घेऊ नका, त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक शटर असलेला जुना मिररलेस बरा.

निघण्याआधी सगळी जोडणी घराच्या गच्चीवर दोन तास चालवून बघा: बॅटरी टिकते का, कार्डवर २५० फोटो आले का, आणि पहिल्या नि शेवटच्या फोटोत फोकस तोच आहे का.